चौकोनी हिरा पारखताना

मालावरचे 'यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कॅम्प ४ मध्ये जुनाच. त्यामुळे प्रयोगशाळेतला हिरा म्हटले की आपण 'नकली' म्हणून मोकळे होतो. परंतु १९५४ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने घडवला तोही कार्बनचाच स्फटिक होता, काच नव्हे. साखरपुड्याच्या अंगठीसाठी चौकोनी 'प्रिन्सेस' घडणीचा हिरा घ्यायचा, तर लांबीला रुंदीने भागावे. उत्तर १.०५ च्या आत हवे. त्यापुढे चौरसाचा आयत दिसू लागतो. खोली रुंदीच्या साधारण ७० टक्के असावी. फार खोल हिऱ्याचे वजन तळाशी दडते, पैसे मात्र त्याचेही मोजावे लागतात! कोपरे नाजूक, ते कोंदणात झाकलेले हवेत. आणि परत विकताना किंमत फारशी येत नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगावे.