संगणक भंगारात घालण्यापूर्वी

हुबळी-धारवाडच्या अनेक मराठी घरांत आज वडीलधारी मंडळीच मागे राहिली आहेत. मुले पुण्यास, बंगळूरास वा परदेशी गेली. जाताना त्यांनी ठेवलेला संगणक मात्र बैठकीच्या खोलीत अजून आहे. नातवंडांची छायाचित्रे, घराण्याची वंशावळ, निवृत्तिवेतनाचे कागद, सारे त्याच्या पोटात असते आणि रविवारी मुलांचे मुखदर्शनही त्याच्यावरच घडते. एके दिवशी इंटरनेट बंद पडते. केबलवाल्याचा माणूस येतो, आपली तार पाहतो आणि सांगून जातो, "अज्जा, लाइन बरोबर आहे. तुमचा कॉम्प्युटरच जुना झाला."

हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो, असे आमचे मत आहे. दोष कोठे आहे हे क्रमाने शोधता येते, आणि त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. हुबळीहून निघालेली बस धारवाडास पोहोचली नाही, तर ती उणकलला दिसली का, नवनगरला दिसली का, असे आपण विचारीत जातो. येथेही तसेच करावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम हलविल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

प्रथम तार पाहावी. काही घरी टीव्हीच्या जाड गोल केबलमधूनच इंटरनेट येते, तर काही ठिकाणी गल्लीतील पेटीपासून आठ बारीक तारांची केबल ओढलेली असते. अलीकडे काचतंतूही आला आहे. पावसाळ्यात उघड्यावरच्या जोडात पाणी शिरते, तर घरात टोकाच्या प्लास्टिकच्या बोंडाची पकड तुटून ते सैल होते. बोंड बसते तेथे लहान दिवा असतो. तो मुळीच लागत नसेल, तर दुसरी तार लावून पाहावी. मोडेम बंद करून दोन मिनिटे थांबावे. आधी मोडेम सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर झाले की मगच संगणक. कित्येक केबल-मोडेम प्रथम जोडलेल्या यंत्राचीच ओळख धरून ठेवतात व बंद करून सुरू केल्यावाचून दुसऱ्यास दाद देत नाहीत. काही केबलवालेही संगणकाच्या नेटवर्क-कार्डाचा क्रमांक आपल्याकडे नोंदवून ठेवतात. कार्ड बदलले असेल, तर नवा क्रमांक त्यांस कळवावा लागतो.

पुढचा थांबा पत्त्याचा. प्रत्येक संगणकास अंकी पत्ता लागतो, आणि बहुधा तो मोडेम किंवा केबलवाल्याची यंत्रणा देते. विंडोजच्या काळ्या आज्ञा-खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकली की तो दिसतो. आरंभी १६९.२५४ हे अंक आले, तर समजावे की पत्ता कोणी दिलाच नाही, संगणकाने स्वतःच तात्पुरता घेतला. मग दोष तारेत, मोडेममध्ये, कार्डात किंवा केबलवाल्याकडे शोधावा.

पत्ता ठीक असेल, तर 'पिंग' ही आज्ञा वापरावी. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुड्यांचा शोध घेताना ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्यांनी त्यास हे नाव दिले. प्रथम 'डीफॉल्ट गेटवे' म्हणून दिसणाऱ्या अंकास साद घालावी, मग गूगलच्या ८.८.८.८ या अंकास, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावास. अंकास प्रतिसाद येतो पण नावास येत नाही, असे झाले तर रस्ता मोकळा आहे, केवळ नावांवरून अंक शोधून देणारी सूची सापडत नाही.

सर्वांत फसवा दोष याहून निराळा असतो. तार ठीक, पत्ता ठीक, पिंगला उत्तरही येते, तरी प्रत्येक पान 'असुरक्षित' म्हणून अडते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. संगणक बंद असता त्याचे घड्याळ चालविणारी, नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी आत असते. 'सीआर २०३२' या नावाने ती घड्याळाच्या दुकानी मिळते. काही वर्षांनी ती संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या ओळखपत्रावर मुदत लिहिलेली असते. तारीख चुकली की खरे ओळखपत्रही संगणकास खोटे वाटते. तारीख सुधारावी, विजेची पिन काढून बॅटरी बदलून घ्यावी. एवढ्याशा बॅटरीपायी सबंध संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर चढावा, हे खेदाचे होय.

तथापि जुनेपण हा कधी कधी खरा दोषही असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी पुष्कळ संकेतस्थळांच्या ओळखपत्रांमागील एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले, तेव्हा कित्येक जुन्या यंत्रांचे घड्याळ बरोबर असूनही ती स्थळे उघडेनात. विंडोज एक्सपीचा आधार कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज दहाचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशा यंत्रावर बँकेचे वा निवृत्तिवेतनाचे व्यवहार करू नयेत, मग इंटरनेट कितीही सुरळीत चालो. जुन्या कार्डाचा वेग बहुधा सेकंदास १०० मेगाबिटांपुढे जात नाही. तीनशेची वर्गणी भरूनही तो तेवढाच राहतो. त्यात केबलवाल्याचा अपराध नसतो.

म्हणून आमचे सांगणे दोन भागांत आहे. एक, केबलवाल्यास बोलाविण्यापूर्वी कोणता दिवा लागतो, पत्त्याचे पहिले अंक कोणते, तारीख कोणती, हे कागदावर टिपून ठेवावे. असा कागद हाती दिला की 'कॉम्प्युटर जुना झाला' या वाक्यावर बोळवण करणे कठीण जाते. दोन, यंत्र चालते आहे तोवर छायाचित्रे आणि कागदपत्रे दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावीत. इंटरनेटची तार आज ना उद्या जोडली जाईल, पण संगणकाबरोबर भंगारात गेलेली आजीची छायाचित्रे परत येणार नाहीत.