जुना संगणक विकताना आपण नेमकं काय विकतो?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सेवा संपली. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि त्यातल्या त्यात नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारे कितीतरी घरगुती संगणक अचानक 'जुने' ठरले. गणपती किंवा दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्याकडे लक्ष जातं आणि घरात एकच प्रश्न निघतो, "याचे किती येतील?"

भावाचा प्रश्न शेवटचा ठेवा. आधी हे पाहू या, की विक्रीला काढलेल्या त्या एका डब्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात : यंत्र, माहिती आणि सॉफ्टवेअर. यंत्र आपण पैसे देऊन घेतलेलं, म्हणून आपलं. पण आतली सगळी माहिती आपली नसते. आणि सॉफ्टवेअरची आपल्याकडे बहुधा फक्त वापरायची परवानगी असते.

(शाळेच्या मालकीचे संगणक यात धरलेले नाहीत. ते डेडस्टॉक रजिस्टरला असतात आणि त्यांचं रीतसर निर्लेखन करावं लागतं.)

१) माहिती : यात मुलांचं काय आहे?

शिक्षकाच्या घरच्या संगणकात काय काय असतं, आठवून बघा. सरल आणि यू-डायससाठी केलेल्या एक्सेल याद्या, मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, जातीची नोंद, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खाते क्रमांक, निकालपत्रकं, सहलीचे फोटो. शाळेतलं नेट बंद पडलं की आपण हे काम घरी आणतो आणि फाइल तिथेच राहते. ही माहिती पालकांनी शाळेवर विश्वास ठेवून दिलेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण 'बालक' धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे.

"पण मी सगळं डिलीट केलंय की!" असं आपण म्हणतो. डिलीट म्हणजे काय, हे वर्गातही सहज दाखवता येईल. एका जुन्या पुस्तकाचं अनुक्रमणिकेचं पान काढून टाका आणि मुलांना सातवा धडा शोधायला सांगा. पानं चाळून मुलं तो शोधतातच. साध्या हार्ड डिस्कवर डिलीट केल्यावर असंच होतं. अनुक्रमणिकेतली नोंद जाते, धडा जागेवर असतो. 'क्विक फॉरमॅट' म्हणजे जुनी अनुक्रमणिका काढून तिथे कोरी लावणं. प्रत्येक पानावर दुसरं काहीतरी गिरवलं तरच मूळ मजकूर जातो.

अमेरिकेत एमआयटीमधल्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. १२९ डिस्क चालू निघाल्या. त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक सापडले. विकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपल्या समजुतीप्रमाणे डिस्क पुसूनच दिली होती.

मग करायचं काय?

- हवं ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि उतरलेली फाइल उघडते का, ते दुसऱ्या मशीनवर बघा.
- ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, सगळीकडून साइन आउट करा.
- विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'रिसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. पुढे सेटिंग बदलायचा पर्याय येतो, तिथे 'क्लीन डेटा' चालू करा. याला काही तास लागतात, म्हणून वीज जायची भीती नसेल असा दिवस निवडा.
- एसएसडीवर असं वरून गिरवणं पुरेसं भरवशाचं नसतं. त्या कंपनीचं स्वतःचं पुसण्याचं साधन वापरा.
- शंका असेल तर सरळ डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकीचा संगणक विका. पैसे थोडे कमी येतील, पण मुलांच्या याद्या बाहेर जाणार नाहीत.
- डिस्क बंद पडली म्हणजे ती रिकामी झाली असं नाही. ती पुसता येत नसल्यामुळे तिच्याबद्दल जास्तच सावध राहा, भंगारात तशीच देऊ नका.

२) मराठी फाइलींची खास अडचण

जुन्या प्रश्नपत्रिका, हस्तलिखितं, स्नेहसंमेलनाचे अहवाल आपण श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप केलेले असतात. त्या काळच्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की अर्थहीन चिन्हं दिसतात. म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि संगणक विकला, तर वीस वर्षांचं काम हातात असूनही वाचता येणार नाही.

म्हणून संगणक चालू आहे तोवर दोन कामं करा. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, म्हणजे दिसायला तरी ती जशीच्या तशी राहील. आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे पुढे तो शोधता आणि दुरुस्त करता येईल. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, तिथेच चुका राहतात.

३) सॉफ्टवेअर : सीडी आहे म्हणजे हक्क आहे असं नाही

संगणकासोबत आलेलं विंडोज साधारणपणे त्याच मशीनला बांधलेलं असतं. ते मशीनबरोबर जातं, सुटं विकता येत नाही. वर्गणीचं ऑफिस आपल्या खात्याला जोडलेलं असतं, त्यातून बाहेर पडायचं आणि ते आपल्याकडेच ठेवायचं. डोंगल लावून चालणारं सॉफ्टवेअर विकायचं असेल, तर परवान्याच्या अटी आधी वाचा. डोंगल नसेल तर नुसती सीडी घेणाऱ्याच्या काही उपयोगाची नाही.

आणि 'कुणीतरी टाकून दिलेलं' सॉफ्टवेअर? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे नकली प्रत जाणूनबुजून वापरणं गुन्हा आहे. त्याला किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकतं. पण 'सगळं टाकलेलं आहे' असं सांगून जास्त भाव घेणं शिक्षकाला शोभत नाही. त्यापेक्षा उबुंटू किंवा लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस टाकून द्या. दोन्ही मोफत आहेत, त्यात मराठी नीट चालतं आणि विंडोज ११ न घेणाऱ्या बऱ्याच मशीन त्यावर आणखी काही वर्षं काढतात.

४) यंत्र : खाऱ्या हवेचा हिशेब

आमच्या भाट्यात समुद्र दाराशी, दुसऱ्या अंगाला काजळीची खाडी. इथल्या हवेत मीठ आणि दमटपणा दोन्ही. पावसाळाभर बंद राहिलेल्या संगणकात तांब्यावर हिरवट थर येतो, पत्र्याला गंज चढतो. गिऱ्हाईक बोलावण्याआधी प्लग काढून डबा उघडा, धूळ मऊ ब्रशने झाडा, रॅमच्या पट्टीची सोनेरी कड खोडरबरने हलक्या हाताने पुसा. 'बंद' समजलेली मशीन एवढ्यानेही कधी कधी चालू होते. तरीही काही दोष राहिला तर तो घेणाऱ्याला आधी सांगा. पाठीमागचा कोकणातला मुलगा त्यावरच अभ्यास करणार असेल.

जुना फुगीर मॉनिटर मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत मोठा विद्युतभार राहू शकतो आणि त्याच्या काचेत शिसं असतं. यूपीएसची बॅटरीही शिशाची, ती बॅटरीच्या दुकानात परत द्या. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नका, ती पेट घेऊ शकते.

जे विकण्यासारखं नाही, ते ई-कचरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि पुनर्चक्रण करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. वजनावर घेणारा साधा भंगारवाला अनेकदा तांब्यासाठी वायरी जाळतो आणि तो धूर पहिल्यांदा त्याच्याच छातीत जातो. एका घराच्या एका डब्यासाठी नोंदणीकृत माणूस गावात येणार नाही. पण पालकसभेत विषय काढला, दहा-पंधरा घरांचं सामान एका ठरलेल्या दिवशी जमवलं, तर बोलावणं शक्य होतं.

एवढं झालं की मग भाव ठरवा. विक्रीच्या वेळी साध्या कागदावर मशीनचा अनुक्रमांक, तारीख, सांगितलेले दोष आणि 'डिस्क पुसून दिली' किंवा 'डिस्कशिवाय दिला' असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. एक प्रत आपल्याकडे ठेवा. उद्या एखाद्या पालकाने "माझ्या मुलाची माहिती कुठे गेली?" असं विचारलं, तर उत्तर द्यायला तो कागद हाताशी असेल.