पोट सात आठवडे थांबत नाही

कोरोनाच्या न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचं हर्नियाचं ऑपरेशन कधी करावं, याचं त्या वेळचं उत्तर 2021 मध्ये मिळालं. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने 116 देशांतल्या 1 लाख 40 हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत महिनाभरातल्या मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होतं. सात आठवडे उलटल्यावर ते दीड टक्क्यावर, म्हणजे कोरोना न झालेल्यांइतकंच आलं. मात्र तेव्हाही ज्यांची लक्षणं गेली नव्हती, त्यांच्यात ते सहा टक्के होतं.

थांबण्याचा हा हिशेब ठरवून करायच्या ऑपरेशनला लागू. फुटलेलं अपेंडिक्स किंवा पीळ पडलेलं आतडं कॅलेंडर बघत नाही.

त्यात कोरोनाने रक्तात गुठळ्या होऊ शकतात. आतड्याच्या धमनीत गुठळी अडकली, की काही तासांत आतडं काळं पडू लागतं. रुग्ण तळमळतो, पण सुरुवातीला पोट हाताला मऊच लागतं. अशा वेळी रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन लांबवणं महागात पडतं.

खरी फसगत औषधांची. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने 2020 पासून अनेकांचे प्राण वाचवले, पण स्टेरॉइड सुरू असताना आतडं फुटलं तर ताप चढेलच असं नाही, पोटही फळीसारखं कडक होईलच असं नाही. टोसिलिझुमॅब हे औषध दिलेलं असेल तर रक्तातला, एरवी दाह दाखवणारा सीआरपी कमीच राहतो. रिपोर्ट चांगला आणि रुग्ण खालावत चाललेला, असं दिसलं तर अनुभवी सर्जन रुग्णावर विश्वास ठेवतो.

टेबलावर पेच भूलतज्ज्ञापुढे असतो. आडवं करून भूल दिली की फुप्फुसांचा तळाचा भाग मिटतो. व्रण पडलेल्या फुप्फुसांना तेवढंही झेपत नाही. म्हणून व्हेंटिलेटरवर श्वास छोटे ठेवतात. वेदना कमी करायला पाठीतून एपिड्युरल देता येतं, पण रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तिथे सुई घालणं धोक्याचं. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलेल्याचा रक्तदाब अचानक कोसळू शकतो. त्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन तयार लागतं. सर्जननेही हात आवरता घ्यावा: मेलेलं आतडं काढायचं, लगेच जोडण्याचा हट्ट न धरता गरज पडल्यास आतड्याचं तोंड पोटावर काढायचं, शंका असेल तर एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडून बघायचं.

घरच्यांच्या हातात एक गोष्ट आहे. न्यूमोनियाच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पोट दुखू लागलं तर स्टेरॉइड आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा.