कर्ज भागिले कमाई: पण कुणाची?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' पदवीनिहाय दोन आकडे देतं: मध्यक कर्ज आणि मध्यक कमाई. समजा, पुनर्वसन उपचारांच्या बॅचलर पदवीला कर्ज २७,००० डॉलर आणि एका वर्षानंतरची वार्षिक कमाई ३६,००० डॉलर. भागाकार ०.७५. म्हणजे पदवी परवडते?

थांबा. कर्जाच्या आकड्यात सरकारी कर्ज घेतलेले सगळे पदवीधर आहेत. खासगी कर्ज धरलेलं नाही. कमाईत मात्र नोकरी करणारे आणि पुढे शिकत नसलेलेच आहेत. खरी मेख इथेच आहे. तिथे फिजिओथेरपिस्ट व्हायला डीपीटी ही डॉक्टरेट लागते, ऑक्युपेशनल थेरपिस्टला किमान मास्टर्स. म्हणजे जे थेरपिस्ट होणार, ते अजून वर्गात असल्याने कमाईतून गळतात. त्यांचं पुढच्या शिक्षणाचं कर्जही बॅचलरच्या आकड्यात येत नाही. वरचा गट वेगळा, खालचा वेगळा.

थोडक्यात, ही कमाई पदवीवर थांबलेल्यांची आहे, थेरपिस्टची नव्हे. आपल्याकडे बीपीटीनंतर थेट प्रॅक्टिस करता येते, त्यामुळे तिकडचं गुणोत्तर इकडे चिकटवून कर्जाचा निर्णय घेऊ नका. कुठलंही गुणोत्तर दिसलं की आधी विचारा: यातून कोण वगळलंय?