काकिआगे : ओल्या जवळ्याची जपानी भजी

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाने जत्रेत ओल्या जवळ्याच्या भज्यांचा स्टॉल लावला होता. पहिला घाणा हातोहात गेला. मग संध्याकाळच्या गर्दीसाठी आम्ही ढीगभर भजी तळून डब्यात झाकून ठेवली. तासाभरात सगळी मऊ! जवळ्या-तेलाचे पैसे अंगावर आले. नेमकं कुठे चुकलं ते शोधताना आम्हाला जपानची काकिआगे सापडली.

काकिआगे म्हणजे बारीक कोळंबी आणि उभ्या चिरलेल्या भाज्यांची भजी. दिसायला आपल्या खेकडा भजीसारखीच. जपानच्या सुरुगा उपसागरात साकुरा एबी नावाची गुलाबी, इवलीशी कोळंबी मिळते. ती आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. तिथे तिची काकिआगे सालासकट करतात.

आपण कांद्याला आधी मीठ चोळतो, त्याच्या सुटलेल्या पाण्यात पीठ भिजवतो. इथे बरोब्बर उलट. मीठ आधी लावायचंच नाही. एक वाटी जवळा धुऊन चाळणीत निथळत ठेवा, मग फडक्यावर पसरून कोरडा करा. एक कांदा आणि एक लहान गाजर उभं, पातळ चिरा. थोड्या कोथिंबिरीच्या काड्या घाला. या सगळ्याला चमचाभर कोरडा मैदा चोळा, म्हणजे पीठ धरून राहतं.

आता अर्धी वाटी मैदा आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घ्या. त्यात बर्फाचं थंडगार पाणी बेताने घालत सरसरीत करा आणि काडीने चार-सहा वेळाच ढवळा. गुठळ्या राहू देत! आमच्यातल्या जुन्या सुगरणींना हे काही केल्या पटेना. पण मैदा जितका घोटाल तितका चिवट होतो, आणि भजी वातड होतात. गार पाण्यात हा चिवटपणा कमी सुटतो. सोडा लागत नाही. पीठही भाजीला जेमतेम लागेल एवढंच.

तेलात पिठाचा थेंब टाका. तळाशी जाऊन रेंगाळला तर तेल गार. वरच्यावर पसरला तर फार तापलेलं. अर्ध्यावर जाऊन वर आला की योग्य. डावातून मिश्रण कढईच्या कडेने अलगद सोडा, घट्ट होईपर्यंत झारा लावू नका. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर तेल गार होतं. बुडबुडे कमी झाले की आतलं पाणी गेलं असं समजा.

काढल्यावर जाळीवर उभी ठेवा. एकावर एक रचली किंवा झाकली, की आतली वाफच त्यांना भिजवते. आमच्या डब्याने तेच केलं होतं. वरून मीठ भुरभुरा. जपानात सोबत सोया सॉसची पातळ चटणी आणि किसलेला मुळा असतो, आम्हाला लिंबूही पुरतं. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांसाठी मात्र भाजीची भजी वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात तळा.

आता स्टॉलवर आम्ही जवळा आणि भाजी कोरडी ठेवतो, मागणी आली की पीठ कालवतो. पाच मिनिटं लागतात. गिऱ्हाईक थांबतं.