न बोललेल्या अर्थाची जबाबदारी

1966 साली अमेरिकेतले चित्रपट निर्माते सॅम्युअल ब्रॉन्स्टन यांना दिवाळखोरीच्या सुनावणीत शपथेवर विचारलं गेलं, स्विस बँकेत तुमचं खातं आहे का? ते म्हणाले, नाही. पूर्वी कधी होतं का? त्यावर उत्तर आलं, कंपनीचं खातं झ्युरिकमध्ये सहाएक महिने होतं. हे खरंच होतं. पण त्यांचं स्वतःचं खातंही जिनिव्हात सुमारे पाच वर्षं होतं. एकही शब्द खोटा न बोलता ऐकणाऱ्याची चुकीची समजूत करून दिली गेली. ही समजूत केवळ ऐकणाऱ्याचा तर्क नव्हे. ती ठरावीक नियमांनी घडते आणि म्हणून बोलणाराही तिला बांधील असतो.

हे नियम ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 मध्ये हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडले. पुरेसं सांगावं, खरं सांगावं, विषयाला धरून बोलावं, स्पष्ट बोलावं. समोरचा हे पाळतो आहे असं धरून चालल्यामुळेच न बोललेलंही आपल्याला कळतं. शब्दार्थ आणि हा गर्भितार्थ वेगळे करण्याची कसोटीही आहे. 'काही मुलं पास झाली' म्हटलं की सगळी झाली नाहीत, असं आपण समजतो. तरीही 'काही कशाला, सगळीच झाली' असं पुढे जोडता येतं. 'सगळी पास झाली, पण एक नापास झाला' हे मात्र जमत नाही. गर्भितार्थ मागे घेता येतो, शब्दार्थ नाही.

यावर आक्षेप असा, की हे नियम सगळीकडे सारखे नाहीत. 1976 मध्ये एलिनॉर कीनन यांनी मादागास्करमधल्या एका गावाबद्दल लिहिलं, की तिथे माहिती हातची राखून बोलणं नेहमीचंच आहे. त्यामुळे कोणी मोघम बोललं तर 'याला माहीत नसावं' असा अर्थ कोणी काढत नाही. पण यातून नियम नसतात असं ठरत नाही. किती सांगायचं याची अपेक्षा तिथे वेगळी आहे आणि अर्थही त्याच अपेक्षेनुसार लावला जातो.

दुसरा आक्षेप कायद्याचा. 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रॉन्स्टन यांना खोट्या साक्षीबद्दल झालेली शिक्षा रद्द केली. उत्तर शब्दशः खरं असल्याने ती खोटी साक्ष ठरत नाही, वकिलाने आणखी खोदून विचारायला हवं होतं, असं न्यायालयाचं म्हणणं. तुरुंगात पाठवताना ही सावधगिरी योग्यच. मात्र जाहिरात वाचणाऱ्याला किंवा भाषण ऐकणाऱ्याला उलटतपासणीची सोय नसते; सुचवलेलं काय, हे त्याला स्वतःच ओळखावं लागतं. शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दांच्या अर्थ देण्याच्या शक्ती आपण कवितेच्या रसग्रहणासाठी शिकवतो. त्याच तासाला जाहिरातीतलं एखादं वाक्य घेऊन त्यात काय म्हटलं आहे आणि काय फक्त सुचवलं आहे, हे मुलांना वेगळं काढायला शिकवायला हवं.