प्रकाशकळांचा मागोवा : लिनक्सवर स्क्रीनचा उजेड का बदलत नाही?

लॅपटॉपच्या कीबोर्डवरील सूर्यचिन्हाच्या दोन कळा स्क्रीनचा उजेड स्वतःच कमी-जास्त करतात, असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात त्या केवळ एक मागणी नोंदवतात आणि ती मागणी अनेक हातांतून जाऊन स्क्रीनमागच्या दिव्यांपर्यंत, म्हणजे बॅकलाइटपर्यंत, पोहोचते. कळ दाबताच फर्मवेअर, म्हणजे उत्पादकाने मदरबोर्डवरील चिपमध्ये बसवून दिलेला प्रोग्रॅम, तिची दखल घेतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तिला ठरावीक क्रमांक देतो. तो क्रमांक ओळखून ग्नोम किंवा केडीईसारखे डेस्कटॉप उजेडाची नवी पातळी ठरवते. आणि शेवटी कर्नलमधील ड्रायव्हर ती पातळी बॅकलाइटवर लागू करतो. लिनक्सवर या कळा चालेनाशा होतात तेव्हा बहुधा या साखळीतील एखादाच दुवा निखळलेला असतो आणि तो कोणता हे कळल्याशिवाय केलेले उपाय सहसा वाया जातात.

पहिली परीक्षा अगदी साधी आहे. डेस्कटॉपच्या मेन्यूतील ब्राइटनेसचा स्लायडर माउसने सरकवल्यावर उजेड बदलत असेल, तर बॅकलाइटची बाजू ठीक असून दोष कळांच्या बाजूला आहे. आणि स्लायडर सरकूनही उजेड जागचा हलत नसेल, किंवा स्लायडरच दिसत नसेल, तर दोष बॅकलाइटच्या बाजूला आहे.

कळांच्या बाजूने पाहताना एफएन कळ सोबत दाबून पाहावी, कारण अनेक लॅपटॉपांत एफएन आणि एस्केप एकत्र दाबल्याने वरच्या ओळीतील कळांचे काम अदलाबदल होते. त्यानेही भागले नाही, तर टर्मिनलमध्ये ‘ईव्हीटेस्ट’ हा प्रोग्रॅम चालवावा. उजेड कमी करणारी कळ दाबल्यावर 224 आणि वाढवणारी दाबल्यावर 225 हा क्रमांक उमटायला हवा. मात्र पुष्कळ लॅपटॉपांत हा संकेत नेहमीच्या कीबोर्डच्या नावाखाली न येता ‘व्हिडिओ बस’ या नावाखाली किंवा उत्पादकाच्या खास कळांच्या नोंदीखाली येतो, त्यामुळे यादीतील ही उपकरणेही तपासावी लागतात. योग्य क्रमांक उमटत असेल, तर डेस्कटॉपच्या सेटिंगमधील शॉर्टकट पाहावेत.

बॅकलाइटच्या बाजूचा दोष मात्र अधिक गुंतागुंतीचा असून त्याला इतिहास आहे. पूर्वी उजेड बदलण्याचे काम बहुतेक लॅपटॉपांत एसीपीआय या मानकानुसार फर्मवेअरमार्फत होत असे; या मानकाची पहिली आवृत्ती इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केली होती. 2012 मध्ये विंडोज 8 आल्यावर हे काम ग्राफिक्स ड्रायव्हर थेट करू लागला, त्यामुळे उत्पादकांच्या फर्मवेअरमधील जुना मार्ग नावापुरता उरला आणि कित्येक यंत्रांवर तो धड चालेनासा झाला. लिनक्समध्ये मात्र दोन्ही मार्गांच्या नोंदी एकाच वेळी दिसत आणि डेस्कटॉपने निकामी मार्ग निवडला की कळ दाबूनही काही घडत नसे. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या 6.1 या कर्नलपासून एका स्क्रीनसाठी एकच मार्ग नोंदवण्याचे धोरण स्वीकारले गेले, तरी योग्य मार्गाची निवड काही यंत्रांवर अजूनही चुकते.

कोणता मार्ग निवडला गेला आहे, हे ‘सिस’ फोल्डरमधील ‘क्लास’ आणि त्यातील ‘बॅकलाइट’ या फोल्डरात दिसते. तेथे ‘इंटेल बॅकलाइट’ किंवा ‘एसीपीआय व्हिडिओ शून्य’ अशा नावाची नोंद असते आणि तिच्यात उजेडाची सध्याची व कमाल पातळी साध्या आकड्यांत लिहिलेली असते. कमाल आकडा 19200 असेल आणि प्रशासकाच्या अधिकाराने सध्याच्या पातळीच्या फाइलीत 9600 लिहिल्यावर स्क्रीन मंदावली, तर तो मार्ग चालू आहे; शून्य मात्र लिहू नये, कारण काही यंत्रांवर त्याने बॅकलाइट पूर्ण विझतो.

मार्ग चुकीचा ठरल्यास कर्नलला सुरुवातीलाच सूचना द्यावी लागते. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘एसीपीआय बॅकलाइट’ या पर्यायाला ‘नेटिव्ह’, ‘व्हिडिओ’ किंवा ‘व्हेंडर’ यांपैकी एक मूल्य देता येते. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता टिकत असल्याने तिन्ही मूल्ये निर्धास्तपणे पारखावीत आणि जे लागू पडेल तेच ग्रबच्या कायमस्वरूपी सेटिंगमध्ये नोंदवावे.

उपाय सापडल्यावर काम संपले असे मानू नये. विशिष्ट मॉडेलला कोणता मार्ग लागतो याची यादी कर्नलच्या स्रोतातच ठेवलेली असते आणि ती वापरकर्त्यांच्या तक्रारींतून वाढत जाते. म्हणून लॅपटॉपचे मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि लागू पडलेले मूल्य आपल्या लिनक्स वितरणाच्या दोषनोंदणीत प्रत्येकाने अवश्य कळवावे, म्हणजे तोच लॅपटॉप घेणाऱ्या पुढच्या माणसाला ही खटपट करावी लागणार नाही.